४४१७ नंबरची पिवळी चिठ्ठी

३ जुलै

वहिनी,

फोनच करणार होते. मग आठवलं, दिवसभर तू लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेतेस आणि पाचनंतर फोन वाजला की तुझा हातच पुढे होत नाही. हे तू मला मागेच सांगितलं होतंस. तरी दादा गेल्यापासूनचे साडेचार महिने मी फोनच करत राहिले. तू उचलला नाहीस की मनात म्हणायचे, चला, आपण केला होता. म्हणून आता पत्र. पोस्टाची तिकिटं कुठे मिळतात असं ऑफिसात विचारलं तर सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मागच्या आठवड्यात तुमच्या कंपनीत आले तेव्हा तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुमचे साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले होते, आणि मी काहीही विचारलं की तू म्हणायचीस, 'सगळं रजिस्टरमध्ये आहे.' तू माझी वहिनी आहेस हे मी कुणाला सांगितलं नाही, तूही नाही सांगितलंस. त्यामुळे आपण दोघी दोन दिवस एकमेकींना 'मॅडम, मॅडम' करत होतो. दादा असता तर हसून लोळला असता.

आता कामाचं. एक ऑगस्टपासून तुमच्या लिफ्टच्या सगळ्या तक्रारी कॉम्प्युटरवर जाणार. त्याआधी आज माहिती कुठून येते आणि कुठे जाते याचा नकाशा मला काढायचाय. डेटा फ्लो डायग्राम म्हणतात त्याला, पण नावावर जाऊ नकोस, चारच खुणा असतात. बाहेरच्या माणसाला चौकोन. आत जे काम होतं त्याला गोल. माहिती जिथे ठेवतात, म्हणजे रजिस्टर, फाइल, खण, त्याला दोन आडव्या रेघा. आणि एकाकडून दुसऱ्याकडे काय जातं ते दाखवायला बाण. प्रत्येक बाणावर नाव लिहायचं. नाव सुचलं नाही तर समजायचं की आपल्याला तिथलं काही कळलेलं नाही.

तर मला एवढंच लिही: तुझ्या टेबलावर काय येतं, तू त्याचं काय करतेस आणि ते पुढे कुणाकडे जातं. साहेबांनी मला सांगितलंय, पण त्यांनी सांगितलं ते कसं व्हायला हवं ते. कसं होतं ते तुलाच माहीत.

हॉटेलात उतरले म्हणून रागावली असशील. कंपनीने बुकिंग केलेलं होतं.

तुझी नणंद


८ जुलै

वन्सं,

चिडू नकोस. तोंडावर 'वन्सं' म्हटलं की तुला राग येतो, कागदावर चालेल.

विचारलंस त्याची उत्तरं.

बिल्डिंगवाले फोन करतात. मी रजिस्टरमध्ये लिहिते. वेळ, पत्ता, काय झालं, आत कुणी अडकलंय का. मेकॅनिकला सांगते. मेकॅनिक जातो, दुरुस्त करतो. एखादा भाग बदलायचा राहिला, किंवा तात्पुरतं बसवून आला, तर तो पिवळी चिठ्ठी लिहितो. पिवळी म्हणजे काम बाकी आहे. ती माझ्याकडे येते. मी नोंद करते आणि चिठ्ठी गोदामात काकांना देते. काका चिठ्ठी बघून तो भाग काढून ठेवतात. ज्याची पाळी असेल तो मेकॅनिक भाग आणि चिठ्ठी घेऊन जातो. काम झालं की चिठ्ठी परत काकांकडे येते. ते तिला तारेत ओवतात. टेबलाजवळ एक उभी तार आहे, तू बघितलीस. वर्ष झालं की तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्दीत जातात.

चिठ्ठ्यांची पुस्तकं असतात. प्रत्येक मेकॅनिकला एक. चिठ्ठीवर नंबर, फाडल्यावर पुस्तकात उरतं त्या थोटकावर तोच नंबर. थोटकावर पत्ताही लिहायचा असतो. सगळे लिहीत नाहीत.

मला तू गोल काढणार म्हणतेस. चालेल. आजवर काडी म्हणत होतात सगळे.

बाकी बरं आहे. कशी आहेस असं तू विचारलं नाहीस ते बरं झालं. ऑफिसात रोज कुणी ना कुणी विचारतं आणि मग माझं उत्तर ऐकायला थांबतं. मला काही वाटत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाहीये, माहिती म्हणून लिहितेय. जेवते, आंघोळ करते, ऑफिसला जाते. परवा पायावर खुर्ची पडली. नख काळंनिळं झालंय, पण दुखलं का ते आठवत नाही.

हॉटेलाचं म्हणशील तर मी रागावले नाही. दोन्ही दिवस भात जास्त टाकला होता, एवढंच.

वहिनी


१२ जुलै

वहिनी,

भाताचं वाचून मी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि उगीचच कपाट आवरायला घेतलं. बुकिंग कंपनीने केलं होतं हे खोटं आहे. मीच सांगून करून घेतलं. मला घरी येववत नाही गं. दारात त्याच्या चपला असतील, आणि त्या तू उचलल्या असशील तर त्याहून वाईट. त्याचे दिवस झाले आणि मी बॅग उचलून पळाले, ते अजून पळतेच आहे. तुला एकटीला टाकून. हे मला कळतं, आणि कळून काहीच होत नाही.

तुझी माहिती मात्र एक नंबर. साहेबांनी तासभर सांगितलं त्यात ती उभी तार नव्हतीच. नकाशा जवळपास झालाय, सोबत पाठवतेय. मधला मोठा गोल म्हणजे 'तक्रार नोंदवणे'. ती तू. बघ, गुटगुटीत काढलंय.

आता एक अडचण. आमच्यात एक साधा नियम आहे. गोलात बाण आत गेला की कुठून तरी बाहेर यायलाच पाहिजे. नुसते आत जात असतील आणि बाहेर काहीच येत नसेल, तर आम्ही त्याला विहीर म्हणतो. म्हणजे मध्येच कुठेतरी माहिती बुडतेय. ते तपासायला मी सगळी थोटकं मागवून घेतली आणि तुझ्या रजिस्टरशी, काकांच्या तारेशी जुळवली. सहा महिन्यांच्या तीनशे बारा पिवळ्या चिठ्ठ्या. तीनशे अकरा जुळल्या.

एक नाही. नंबर ४४१७. पुस्तकातून फाडलेली आहे, पण तुझ्या रजिस्टरमध्ये नाही, तारेवर नाही, गोदामात नाही. थोटूक कोरं. फक्त तारीख, १९ फेब्रुवारी.

पुस्तक दादाचं आहे. तारीख तुला सांगायला नको.

मी हे उकरलं नसतं, पण कॉम्प्युटर सुरू होताना साहेबांनी एक नियम करून घेतलाय. एकतीस जुलैपर्यंत ज्या नंबरची चिठ्ठी हातात नसेल, ते काम 'पूर्ण' म्हणून बंद करायचं. म्हणजे ४४१७ ची लिफ्ट जी कुठली असेल, तिचं जे काही बदलायचं राहिलंय, ते एक तारखेपासून कागदोपत्री झालेलं असेल. मग ते कुणीही, कधीही बघणार नाही. मी वाद घातला. ते म्हणाले, एका चिठ्ठीसाठी गाडी थांबवायची का?

त्याच्या शर्टाच्या खिशात, बॅगेत, कुठे राहिली असेल का? बघशील?

तुझी नणंद


१७ जुलै

वन्सं,

नकाशा मिळाला. काकांना दाखवला. ते म्हणाले, मी कुठाय? मी त्यांना दोन आडव्या रेघा दाखवल्या. ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

खिशात काही नाही. बॅगेत पक्कड, टेस्टर, डबा आणि रुमाल. डबा मी धुतला.

चपला दारातच आहेत.

तू कोणत्याही दिवशी ये. फक्त साडेसातनंतर. त्याआधी मी घरी नसते.

वहिनी


२० जुलै

वहिनी,

काकांना सांग, दोन रेघा म्हणजे त्यांचं गोदाम, ते स्वतः नव्हेत. त्यांचा वेगळा गोल काढते. आत्ता काढते, रुसू नका म्हणावं.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझं ऑफिस पाचला सुटतं. घर चालत वीस मिनिटांवर. मग साडेसात कसे? कुठे जातेस, काय करतेस, विचारायचा मला काय हक्क म्हणा. पण माणसांनी सांगितलेली उत्तरं जुळवून बघायचा मला पगार मिळतो, सवय जात नाही.

आणि दुसरं. मी विचारलं होतं, चिठ्ठी कुठे आहे. तू लिहिलंस, खिशात नाही, बॅगेत नाही. 'मला माहीत नाही' असं तू लिहिलेलं नाहीस.

मी काहीतरी भलतंच धरून चालले असेन. त्या दिवसांत तुझं टेबल कुणी सांभाळलं कोण जाणे; तुझ्याकडून काही राहिलं असेल, तर तुला कोण बोलणार होतं? सांगून टाक, मी सांभाळून लिहीन.

तसं नसेल तर एकच अर्थ उरतो. दादाने चिठ्ठी फाडली आणि ती त्याच्याकडूनच हरवली. त्याला थोटूक भरायचाही कंटाळा होता, हे काही नवीन नाही. शाळेत पाटीसुद्धा हरवून यायचा. मला पंचवीस तारखेपर्यंत अहवाल द्यायचाय. त्यात हे वाक्य टाकतेय, आधी तुला दाखवते:

'चिठ्ठी क्र. ४४१७ : संबंधित मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे गहाळ. मेकॅनिक मयत.'

लिहिताना मलाच कसंतरी झालं. पण दुसरं काय लिहू सांग.

तुझी नणंद


२२ जुलै

वन्सं,

ते वाक्य काढ.

चिठ्ठी हरवलेली नाही. माझ्याकडे आहे. पहिल्यापासून आहे. निष्काळजीपणा त्याने केलेला नाही.

नीट लिहिते. एरवी मला जमतं ते.

बाकीचे मेकॅनिक चिठ्ठ्या माझ्या ट्रेमध्ये टाकतात. तुझा दादा टाकायचा नाही. तो माझा वरचा खण इंचभर उघडून आत सरकवायचा. कारण मागच्या बाजूला तो माझ्यासाठी काहीतरी लिहायचा. 'फ्लॉवर आणतोय.' 'पंख्याचा माणूस सहाला येणार.' 'साहेब भडकलेत, वर जाऊ नकोस.' मी वाचायचे, नोंद करायचे आणि चिठ्ठी गोदामात द्यायचे. काका मागची बाजू वाचून ओरडायचे, 'काय, आज फ्लॉवर का?' अशा किती चिठ्ठ्या तारेत गेल्या आणि किती रद्दीत गेल्या, मी मोजल्या नाहीत. तेव्हा मोजायचं कारण नव्हतं.

एकोणीस फेब्रुवारीला अडीचच्या सुमाराला तो ऑफिसात येऊन गेला. मी वर साहेबांच्या खोलीत होते, मीटिंग होती. त्याने खणात चिठ्ठी सरकवली आणि पुढच्या कामाला गेला. मी खाली आले तेव्हा फोन वाजत होता. पाचपर्यंत वाजतच होता. मी खण उघडला नाही. पाचला निघाले. तो सव्वाचारला त्या दुसऱ्या बिल्डिंगच्या जिन्यात बसला आणि उठला नाही, ते मला सात वाजता कळलं. हे तुला माहीत आहे.

तेरा दिवसांनी कामावर आले तेव्हा खण उघडला. तोवर माझ्या जागी बसलेल्या बाईंनी ट्रे रिकामा केला होता, खणाला हात लावला नव्हता. दुसऱ्याचा खण कोण उघडतं.

चिठ्ठी डोळ्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टची आहे. तीन मजली बिल्डिंग, दवाखाना दुसऱ्यावर. दाराचं कुलूप झिजलंय. दार पूर्ण लागलं नसलं तरी लिफ्ट सुटते. त्याने तात्पुरतं बसवलं होतं.

ती मी त्याच दिवशी द्यायला हवी होती. दोनदा गोदामाच्या दारापर्यंत गेले. काका तारेत चिठ्ठ्या ओवत होते. बरोबर मधोमध भोक पाडून. मी परत आले. म्हटलं उद्या देऊ. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग द्यायची कशी तेच कळेना, कारण कुणीही विचारलं असतं, इतके दिवस कुठे होती?

त्या लिफ्टवर आता नवीन मेकॅनिक जातो. महिन्यातून एकदा तेल घालतो, सही करतो. चिठ्ठीत असेल तेवढंच बघतो.

मी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला. 'दार हाताने ओढून घट्ट लावा.' मोठ्या अक्षरात. एक दिवस बघायला गेले तर कुणी लावत नव्हतं. तिथे येणाऱ्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं असतं, नाहीतर एका डोळ्यावर पट्टी. वाचणार कोण? मग मीच थांबले. दवाखाना साडेपाच ते सात उघडा असतो. तेवढा वेळ मी लिफ्टमध्ये असते. दार लावते, खेचून बघते, बटण दाबते. वर, खाली. रविवारी बंद. मार्चपासून चाललंय. लोकांना वाटतं मी दवाखान्याची आहे. तिथली कंपाउंडर मला 'लिफ्टवाल्या ताई' म्हणते.

मे महिन्यात एकदा लिफ्ट दार उघडं असताना टीचभर वर सरकली. पट्टीवाले आजोबा पाय टाकत होते. मी दंड धरला. ते म्हणाले, थँक यू. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी घरी जाऊन भांडी घासली.

तेव्हा माझं टेबल म्हणजेच तुझी ती विहीर आहे. तसंच लिही. त्याचं नाव काढ.

वहिनी


२४ जुलै

वहिनी,

तुझं पत्र आज सकाळी अकरा वाजता मिळालं. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी तुमच्या साहेबांना फोन करून ती लिफ्ट बंद करायला लावली. तुला विचारलं नाही. विचारणारही नव्हते.

मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदातून आरपार जातंय. बाई, तू काय समजतेस स्वतःला? संध्याकाळचा दीड तास तू उभी राहिलीस, बाकीचे साडेबावीस तास काय? सकाळी झाडायला येणारी बाई, दुपारी औषधं आणणारा, वरच्या मजल्यावर राहणारे, ते काय तुझ्या येण्याची वाट बघत जिन्यात उभे होते? त्या आजोबांचा पाय गेला असता म्हणजे? दादा वीस वर्षं लोकांना सुखरूप वरखाली नेत होता. त्याची शेवटची चिठ्ठी तू खणात ठेवून बसलीस.

लिहिलं. आता पुढचं.

मी आमच्या साहेबांना सांगितलं की तुम्ही माझी वहिनी आहात. (बघ, रागात 'तुम्ही' झालं.) आधी सांगितलं नाही म्हणून हे काम माझ्याकडून काढून घेतलंय. उद्यापासून दुसरी बाई बघणार. अहवालातलं ते वाक्य मी जाण्याआधी बदललं: 'चिठ्ठी तक्रार नोंद टेबलाशी थांबली.' तुझं नाव नाही घातलं, पण त्या टेबलाशी तू एकटीच बसतेस, त्यामुळे तुला मेमो येईल. तो घे.

लिफ्ट बंद आहे पण दुरुस्त होत नाहीये. कुलूप बदलायचं म्हणजे कोणत्या मजल्याच्या दाराचं, कोणत्या मापाचं, ते काही तू लिहिलेलं नाहीस. साहेब म्हणतात चिठ्ठी आणा. मला माहीत आहे, तू ती देणार नाहीस.

तर ऐक. ही माझ्या धंद्यातली अगदी पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट आहे, आणि मला ती तुला जुलैच्या तीन तारखेलाच सांगायला हवी होती. बाणावरून कागद जात नाही. माहिती जाते. दोन रेघांच्या साठ्यातून कुणी काही वाचून नेलं तरी साठा रिकामा होत नाही. जे होतं ते तिथेच असतं. काकांनी चिठ्ठी तारेत ओवली म्हणून तू समजलीस की दिलं म्हणजे गेलं. तसं नाही गं. त्यांना पुढची बाजू हवी आहे. चार ओळी. नवीन पिवळी चिठ्ठी घे, त्यावर उतरवून काढ आणि ती दे. जुनी तुझ्याकडे ठेव. मागची बाजू कुणाच्याच कामाची नाही, तुझ्याशिवाय.

मात्र साठ्यातून माहिती आपली आपण बाहेर येत नाही. कुणाला तरी हात घालावाच लागतो. तो तू घालायचास.

एकतीस तारखेच्या आत. नाहीतर ते काम 'पूर्ण' होईल आणि ते लिफ्ट परत चालू करतील.

मागे काय लिहिलंय ते मी विचारत नाही.

तुझी नणंद


३१ जुलै

वन्सं,

तुझं पत्र सत्तावीसला मिळालं. राग वाचला. बरोबर आहे. इतक्या दिवसांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

अठ्ठावीसला सकाळी कुणी यायच्या आधी ऑफिसात गेले. नवीन चिठ्ठी घेतली. समोर ४४१७ ठेवली आणि उतरवून काढली. तुझ्यासाठी इथेही उतरवते.

'दुसरा मजला. दार पूर्ण न लागता लिफ्ट सुटते. पत्र्याची पाचर मारली आहे, फार दिवस टिकणार नाही. पंधरा दिवसांत कुलूप बदलणे. डाव्या हाताचं लागेल. उजव्या हाताचं देऊ नये.'

चार ओळी लिहायला वीस मिनिटं लागली. 'डाव्या'तला ड तो काढायचा तसाच माझ्या हातून आला. मी खोडला नाही.

काकांना दिली. त्यांनी वाचली, मग उलटी करून बघितली. मागे कोरं. गोदामात सगळी कुलपं उजव्या हाताची होती, डाव्या हाताचं बाहेरून मागवावं लागलं. चिठ्ठी नसती तर उजव्याचंच बसवलं असतं, असं काका म्हणाले. काल दुपारी बसलं. पाचर काढली तेव्हा ती अर्धी बाहेर आलेली होती. नवीन मेकॅनिकने मला ती आणून दाखवली. नखाएवढा पत्रा.

मेमो मिळाला. सही करून घेतला. साहेब म्हणाले, 'तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.' मी म्हटलं, हो.

काल साडेपाचला पाय आपोआप तिकडे गेले. लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं. खटकन आवाज आला. मी खेचून बघितलं, हललं नाही. दोन वेळा वर गेले, दोन वेळा खाली आले. कंपाउंडर म्हणाली, ताई, आता तुमचं काम नाही. मी म्हटलं, नाही. तळमजल्यावर उतरले आणि लक्षात आलं की मी रडतेय, आणि पायाचं नख ठणकतंय. लिफ्टसाठी आलेला एक माणूस मला बघून जिन्याने गेला.

तू विचारलं नाहीस, तरी मागची बाजू सांगते. तूच म्हणतेस, दिलं तरी जात नाही.

त्या दिवशी घराला एकच किल्ली होती. दुसरी दोन दिवस आधी हरवली होती, माझ्याकडूनच. सकाळी मी आधी निघाले, कुलूप त्याने लावलं. संध्याकाळी मी घरी आले तर दाराला कुलूप, आणि हा पत्ता नाही. मी जिन्यात बसले. पावणेदोन तास. शेजारच्या काकू दोनदा आत ये म्हणाल्या, मी गेले नाही. मला राग दाखवायचा होता. मनात त्याला काय काय बोलले ते तुला सांगणार नाही. कुणाशी तरी गप्पा मारत बसला असेल, बायको दारात बसलीय याचं भान नाही, असं सगळं. मी त्याला बोलत होते तेव्हा त्याला जाऊन तीन तास होत आले होते. तेरा दिवसांनी खण उघडला. मागे लिहिलं होतं:

'किल्ली माझ्याकडेच राहिलीय. बाहेर ताटकळू नकोस, काकूंकडे बस. येतोच.'

अडीच वाजता कळवलं होतं त्याने. माहिती माझ्या खणात होती. मी उघडला नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तुला लिहिलं आणि आत्ता खण उघडून बघितला. चिठ्ठी आहे.

तू ये. हॉटेल नको. चपला दारातच आहेत, त्यांच्या शेजारी तुझ्या काढ. कालच किल्ल्या करून घेतल्या, एक या पाकिटात घालतेय. दुपारच्या गाडीने आलीस तर मी ऑफिसात असेन. बाहेर ताटकळू नकोस, उघडून आत बस. आता मी पाचला सुटले की सरळ घरी. येतेच.

वहिनी